पट्ट्यांची फेरफार वही

महसूल खात्यात तेहेतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेल्या मनुष्याच्या हाती कोणतीही आखलेली वही पडली, की तो तीतील मजकूर वाचण्यापूर्वी तिचे रकाने मोजतो. आणि म्हणूनच परवा माळ्यावरची अडगळ उपसताना माझ्या नातवाची, तो आठवी इयत्तेत असतानाची, एक दोनशे पानी वही हाती लागली, तेव्हा ती कोणत्या विषयाची आहे हे कळण्याआधीच माझ्या मनात तिच्याविषयी आदर उत्पन्न झाला. रकाने सहा होते: अनुक्रमांक, दिनांक, ठिकाण, देणार, घेणार आणि शेरा. फेरफाराची नोंदवही याहून निराळी ती काय असते? पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘सन २०००’ असे लिहिले होते, अक्षर वळणदार होते, खाडाखोड नव्हती. आणि ज्या मुलाच्या गणिताच्या वहीविषयी त्याच्या वर्गशिक्षिकांनी मला दोनदा बोलावून घेतले होते, त्याच मुलाने हे दप्तर ठेवले होते यावर माझा विश्वास बसेना.

संशय आला तो शेऱ्याच्या रकान्याने. मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी गेली हे सांगताना आमच्या खात्यात वारसाने, खरेदीखताने, बक्षीसपत्राने, फार तर कोर्टाच्या हुकुमाने, एवढेच शब्द पुरतात. या वहीत मात्र ‘खुर्चीने’, ‘गिटारने’, ‘सासऱ्याच्या चुकीने’ असे शेरे होते आणि एका ठिकाणी तर नुसते ‘झोपेत’ एवढेच लिहिले होते. आपली जमीन झोपेत गेली अशी तक्रार घेऊन आलेले अनेक खातेदार मी पाहिले आहेत. पण तसा शेरा दप्तरी मारण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणाही कारकुनास झाले नाही.

ती वही अमेरिकेतील धंदेवाईक कुस्तीची होती. त्या काळी आमच्या घरी संध्याकाळी केबलवर हा प्रकार चाले, आणि नातू व त्याचे मित्र मल्लांची उंची, वजन व छाती छापलेले पत्ते हातात घेऊन तो अशा एकाग्रतेने पाहत, की त्यांच्यापुढे चहाचा पेला ठेवावयासही भीती वाटे. माझ्यासारख्या, तरुणपणी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मातीचा धुरळा खात निकाली कुस्त्या पाहिलेल्या मनुष्यास हे सारे थोतांड वाटणे स्वाभाविक होते. ‘हे सगळे ठरवून करतात,’ असे मी एकदा नातवास सांगितले. त्यावर त्याने माझ्याकडे न पाहता, ‘आजोबा, ते सगळ्यांना माहीत आहे,’ असे उत्तर दिले, आणि जो गौप्यस्फोट मी इतक्या सद्भावनेने केला होता तो जागच्या जागी निकाली निघाला.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की ही गोष्ट केवळ आठवीतल्या मुलांनाच नव्हे, तर सरकारलाही माहीत होती, आणि ती सांगितली होती खुद्द मालकांच्या बाजूनेच. १९८९ साली न्यू जर्सी संस्थानच्या कायदेमंडळापुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कुस्तीसंस्थेतर्फे, आम्ही करतो ती स्पर्धा नसून करमणूक होय, असा रीतसर खुलासा करण्यात आला. हेतू एवढाच, की मुष्टियुद्धादी खेळांवर असते तशी सरकारी देखरेख आणि तिच्यापोटी द्यावा लागणारा कर यांतून सुटका व्हावी. आमच्या मुलखात तेव्हा करमणूक म्हटली की करमणूक कर येई; तेथे करमणूक म्हटल्याने कर सुटे! आपल्याकडे नुरा कुस्ती म्हटले की मैदानात चपला उडतात. तेथे मालक स्वतःच ती नुरा असल्याचे सांगतो, आणि लोक तिकिटे काढून, अंगात मल्लाच्या नावाचे सदरे घालून, घसा बसेपर्यंत ओरडतात. निकाल आधी ठरवून मग त्याची सुनावणी गांभीर्याने करणे हा प्रकार मला नोकरीमुळे अगदीच अपरिचित होता असे मी म्हणणार नाही; तेव्हा त्या मुद्द्यावर मी माझी हरकत मागे घेतली, आणि वही पुढे वाचावयास घेतली.

या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे तो पट्टा. आपल्याकडे १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा होते, विजयी मल्लास चांदीची गदा मिळते आणि ती एकदा खांद्यावर घेतली की घेतली. पुढल्या वर्षी नवा केसरी होतो, तो नवी गदा घेतो, जुन्याची गदा काही कोणी काढून नेत नाही. ती एक प्रकारे कायम इनाम. अमेरिकेतील पट्टा म्हणजे मुदतीचे कूळ. मनगटाएवढ्या जाड कातड्यावर ताटाएवढा सोनेरी पत्रा ठोकलेला हा अलंकार आज एकाच्या कंबरेस, तर उद्या दुसऱ्याच्या. आणि गंमत अशी, की तो कंबरेस बांधण्यापेक्षा खांद्यावर टाकून हिंडण्याचीच वहिवाट अधिक. मला स्वतःला पट्टा म्हटले की आमच्या कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसणारा पट्टेवालाच आठवतो. त्याच्या पट्ट्यावरही पितळी बिल्ला होता, आणि साहेबांस भेटावयास आलेला मनुष्य साहेबांपेक्षा त्या बिल्ल्यासच अधिक भीत असे.

सन २००० मध्ये फेडरेशनचा मुख्य पट्टा वहीप्रमाणे पाच वेळा हस्तांतरित झाला, आणि हे प्रमाण त्या जगात काटकसरीचे समजावे. ३ जानेवारीस ट्रिपल एच नामक मल्लाने तो ‘बिग शो’ नावाच्या एका पर्वतप्राय मनुष्याकडून घेतला. ३० एप्रिलला तो ‘द रॉक’कडे गेला, २१ मे रोजी परत ट्रिपल एचकडे, २५ जूनला परत रॉककडे आणि २२ ऑक्टोबरला कर्ट अँगलकडे. ट्रिपल एच हा कथानकात मालकांचा, म्हणजे व्हिन्स मॅकमहन यांचा, जावई होता. सासऱ्याच्या संमतीवाचून जमलेले ते लग्न कथेपुरतेच होते, परंतु पुढे २००३ साली त्याच वधूवरांचे खरोखरच लग्न झाले. आमच्या भाषेत सांगावयाचे, तर नोंद आधी झाली आणि दस्त मागाहून आला.

पण या पाच नोंदींखेरीज एक सहावी नोंद वहीत आहे, आणि तिच्यावर तांबड्या शाईने आडवी रेघ मारलेली आहे. १७ एप्रिलला ख्रिस जेरिको याने ट्रिपल एचला चीत केले. पंच अर्ल हेब्नर यांनी तीन आकडे जरा घाईने मोजले, पट्टा जेरिकोस दिला आणि प्रेक्षागृह आनंदाने वेडे झाले. त्यानंतर जे घडले ते मी दोनदा वाचले, कारण प्रशासकीय कावेबाजीचा इतका शुद्ध नमुना मला माझ्या वरिष्ठांतही आढळला नव्हता. ट्रिपल एचने त्या पंचास रिंगणात बोलावून निकाल फिरविण्यास फर्माविले. पंचाने अट घातली, की निकाल फिरवितो, पण यापुढे मी पंच असेतो माझ्या अंगास हात लावणार नाही असे वचन द्या. वचन मिळाले, निकाल फिरला, पट्टा परत आला, आणि लागलीच पंचास नोकरीवरून बडतर्फ करण्यात आले. आता तो पंच उरला नसल्याने वचनाचा भंग न होता त्यास यथास्थित बडविण्यात आले. मी असा अर्थ लावीत गेलो असतो, तर खात्रीने उपजिल्हाधिकारी होऊन निवृत्त झालो असतो.

‘सासऱ्याच्या चुकीने’ हा शेरा २५ जूनचा. त्या दिवशी बॉस्टन येथे तिघांविरुद्ध तिघे अशी कुस्ती होती. एका बाजूस पट्टाधारी ट्रिपल एच, त्याचे सासरे मॅकमहन आणि मेहुणा, तर दुसऱ्या बाजूस रॉक व त्याचे दोन सोबती. अट अशी, की त्या सहांपैकी कोणीही कोणास चीत केले तरी पट्टा पणास. रॉकने सासऱ्यास चीत केले, आणि जावयाचा पट्टा गेला. ज्याची मालमत्ता गेली त्याची पाठ जमिनीस लागलीच नव्हती. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत एकाच्या सहीने सगळे घर बुडते हे आपल्याकडेही घडत आले आहे. मात्र आपल्याकडे त्यानंतर तीन पिढ्या दावा चालतो, तेथे दुसऱ्या सोमवारी नवा कार्यक्रम सुरू होतो.

कर्ट अँगल या गृहस्थाची गोष्ट मला सर्वांत अधिक बोचली. हा मनुष्य खराखुरा मल्ल. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १०० किलो वजनगटात त्याने सुवर्णपदक मिळविले, आणि तेही असे, की इराणच्या अब्बास जदीदीबरोबरचा अंतिम सामना एक-एक अशा बरोबरीत सुटला व पंचांना विचारविनिमय करून अँगलचा हात वर करावा लागला. खऱ्या कुस्तीचे शिखर गाठलेला हा पुरुष खोट्या कुस्तीत आला, आणि वर्ष उलटण्यापूर्वी तिच्यातील दोन दुय्यम पट्टे एकाच वेळी अंगावर वागवू लागला. २ एप्रिलला अनाहाइम येथे ‘रेसलमेनिया’ नामक त्यांच्या वार्षिक उरुसात तिघांची एक कुस्ती लागली: पहिल्या डावास एक पट्टा, दुसऱ्या डावास दुसरा. पहिल्या डावात त्याच्या एका प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्यास चीत केले, दुसऱ्या डावात त्या दुसऱ्याने पहिल्यास चीत केले, आणि अँगल कोणाकडूनही चीत न होता दोन्ही पट्टे घालवून बसला. ज्याच्या एका विजयावर ऑलिंपिकच्या पंचांना खल करावा लागला होता, त्याचे दोन पराभव त्याच्या गैरहजेरीत, त्याच्या समक्ष, परस्पर उरकण्यात आले.

त्याच उरुसातील मुख्य कुस्तीत मिक फोली हा मल्लही होता. २७ फेब्रुवारीच्या कुस्तीत हरल्यामुळे अटीप्रमाणे तो कायमचा निवृत्त झाला होता. म्हणजे निवृत्तीनंतर पाच आठवड्यांच्या आत त्यास मुदतवाढ मिळाली. माझ्या पेन्शनचे कागद पाच आठवड्यांत या मेजावरून त्या मेजावर गेले नव्हते.

आता ‘झोपेत’ या शेऱ्याकडे वळतो. फेडरेशनकडे ‘हार्डकोअर’ नावाचा एक हलका पट्टा होता. मूळचा एक जुना मुख्य पट्टा हातोड्याने फोडून, चिकटपट्टीने सांधून तो बनविला होता, यावरून त्याचा दर्जा ध्यानी येईल. या पट्ट्याच्या कुस्तीत कोणतेही शस्त्र वर्ज्य नव्हते. २००० च्या फेब्रुवारीत तो क्रॅश हॉली याच्याकडे आला. हा मनुष्य चणीने लहान. पण आपले वजन चारशे पौंडांहून अधिक आहे असे सांगे आणि पुराव्यादाखल एक वजनकाटा बरोबर बाळगून हिंडे. त्याने जाहीर केले, की हा पट्टा मी चोवीस तास पणास लावीत आहे. कोणीही, कधीही, कोठेही यावे, फक्त बरोबर पंच असावा. बोलणाऱ्याने बोलून टाकले, आणि त्याचे सुख संपले. विमानतळावर लोक त्याच्यावर धावून आले, हॉटेलातल्या खोलीत आले, लहान मुलांच्या खेळघरातील रंगीत चेंडूंच्या हौदातही आले. आणि मे महिन्यात एके दिवशी तो पडद्यामागे झोपला असता मालकांच्या खुशमस्कऱ्यांपैकी जेराल्ड ब्रिस्को नावाचे पन्नाशी उलटलेले गृहस्थ पंचासह चवड्यांवर चालत आले, त्याच्या छातीवर अलगद हात ठेवला, तीन आकडे मोजविले आणि पट्टा घेऊन गेले. रेसलमेनियात तर याच पट्ट्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली होती, आणि तेवढ्या वेळात तो दहाएक वेळा हस्तांतरित झाला. नातवाने त्या पानावर एका ओळीत दोन-दोन नोंदी कोंबल्या आहेत. कोणत्याही तलाठ्यास पंधरा मिनिटांत एवढे फेरफार घालावे लागले नसतील.

मला या क्रॅश हॉलीविषयी सहानुभूती वाटते. चोवीस तास हुद्द्यावर असणे म्हणजे काय, हे निवडणुकीच्या कामावर नेमलेल्या प्रत्येक सरकारी नोकरास ठाऊक आहे. मुख्य पट्टेवाल्यांना निदान ठरल्या वेळीच लढावे लागे. हा बिचारा ज्या पट्ट्यासाठी रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून जागत असे, तो चिकटपट्टीने सांधलेला होता.

ही युक्ती जपानी लोकांस इतकी आवडली, की त्याच वर्षीच्या जूनमध्ये तेथील डीडीटी या कुस्तीसंस्थेने चोवीस तास पणास लागणारा स्वतःचा एक पट्टा काढला. आणि जपानी मनुष्य कोणतीही परकी कल्पना घेतली की तिची तार्किक परिणती केल्यावाचून सोडत नसल्यामुळे, पुढे त्या पट्ट्याच्या धारकांच्या अधिकृत यादीत एका शिडीचेही नाव चढले. शिडी मल्लाच्या अंगावर पडली, पंचाने तीन मोजले, शिडी अजिंक्य ठरली. यावर मी टीका करीत नाही. आमच्या कचेरीतील जिन्याखालच्या कपाटाने ज्येष्ठतेच्या जोरावर कोणते पद मिळवावयास हवे होते, याचा मात्र मी तेव्हापासून विचार करीत आहे.

वहीचा उत्तरार्ध प्रतिस्पर्धी संस्थेचा, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंगचा, आणि तो वाचताना पडत्या संस्थानाची बखर वाचल्याचा भास होतो. फेडरेशनच्या पाच फेरफारांच्या जागी येथे मुख्य पट्ट्याचे पंधराहून अधिक. प्रारंभच असा: १६ जानेवारीस सिनसिनाटी येथे एका मल्लाने रिकामे असलेले पद जिंकले, लागलीच नोकरीचा राजीनामा दिला, आणि पंधरा दिवसांनी तीन सोबत्यांसह प्रतिस्पर्ध्यांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत प्रकट झाला. मागे राहिलेल्या कारभाऱ्यांनी जाहीर केले, की त्या कुस्तीत हरणाऱ्याचा पाय दोराखाली होता, सबब निकाल रद्द. पाय तेव्हाही दोराखालीच होता. पण जमिनीच्या मोजणीत शेजाऱ्याचा बांध जसा भांडण झाल्यावरच दिसू लागतो, तसा तो पाय राजीनाम्यानंतर दिसू लागला. १० एप्रिलला नवे कारभारी आले आणि त्यांनी संस्थेतील यच्चयावत पट्टे एका हुकुमाने खालसा केले. त्यानंतर वाटप नव्याने सुरू झाले, आणि त्यात २५ एप्रिलला, सिरॅक्यूज या गावी, मुख्य अजिंक्यपद डेव्हिड आर्केट यांस मिळाले.

आर्केट हे सिनेनट. त्या महिन्यातच कुस्तीवरील त्यांचा एक विनोदी चित्रपट लागला होता व संस्थेने त्यास साहाय्य केले होते. दोघांविरुद्ध दोघे अशा कुस्तीत, जो कोणासही चीत करील त्यास पट्टा, असा ठराव झाला; आणि या शिडशिडीत नटाने समोरच्या बाजूच्या कारभाऱ्यास, जो स्वतः मल्ल नव्हता, चीत केले. मल्ल नसलेल्या एकाने मल्ल नसलेल्या दुसऱ्यास पाडले, आणि दोन खरे मल्ल बाजूस राहिले. आर्केट यांच्या बाजूने एवढे सांगितलेच पाहिजे, की त्यांना स्वतःला ही कल्पना पसंत नव्हती. ते कुस्तीचे खरे भक्त होते, असे करू नका म्हणून त्यांनी विनविले होते, आणि या कामाचे आलेले पैसे त्यांनी मृत व जायबंदी मल्लांच्या कुटुंबांस देऊन टाकले. ७ मे रोजी पट्टा त्यांच्याकडून गेला. म्हणजे एकूण अंमल बारा दिवसांचा.

हा आकडा वाचून मी चष्मा काढून ठेवला. माझ्या नोकरीच्या अखेरच्या पर्वात, नायब मामलेदार आजारी पडल्यामुळे, त्यांच्या पदाचा अतिरिक्त कार्यभार मी सांभाळला होता: तेरा दिवस. त्या तेरा दिवसांत मी दोन पंचनामे केले, एक जप्ती तहकूब ठेवली, आणि एका मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी सात जीपगाड्या मिळविल्या. त्याची नोंद सेवापुस्तकात व्हावी म्हणून मी तीन अर्ज केले. तिन्ही अर्जांस पोच मिळाली, नोंद मिळाली नाही. कचेरीचे नाव मी येथे घेत नाही. आर्केट यांचे बारा दिवस मात्र अजिंक्यवीरांच्या अधिकृत यादीत आजतागायत शाबूत आहेत.

पुढची पाने भराभर उलटावीत. ९ जुलैला जेफ जॅरेट हा पट्टाधारी हल्क होगन याच्यासमोर रिंगणाच्या मध्यभागी येऊन आपण होऊन उताणा निजला. होगनने त्याच्या छातीवर पाय ठेवला आणि तीन मोजले. राजीनामा देण्याची इतकी आरामशीर तऱ्हा मी अन्यत्र पाहिली नाही. त्यानंतर संस्थेचा कथालेखक व्हिन्स रुसो याने प्रेक्षकांपुढे येऊन होगनची यथेच्छ निंदा केली, कुस्ती नव्याने लावली, आणि त्याच रात्री बुकर टी या गुणी मल्लास पट्टा मिळाला. होगनने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो पुढे फेटाळला गेला. म्हणजे खोट्या कुस्तीवरून खरा दावा झाला; आणि यातले खोटे कोठे संपते व खरे कोठे लागते हे न्यायाधीशांनाही पाहावे लागले.

२५ सप्टेंबरला तर कळस झाला. कोण जिंकणार हे ठरविणे आणि लिहिणे ज्याचे काम, त्या रुसोनेच लोखंडी पिंजऱ्यात बुकर टीबरोबर पट्ट्यासाठी कुस्ती लावून घेतली. प्रथम पिंजऱ्याबाहेर पडेल तो विजयी, असा नियम होता. गोल्डबर्ग नावाच्या तिसऱ्याच मल्लाने आत येऊन रुसोस अशी धडक दिली, की तो पिंजरा फोडून बाहेर फेकला गेला. आणि बाहेर प्रथम तोच पडल्यामुळे तोच अजिंक्य ठरला. तलाठ्याने सातबाऱ्यावर आपलेच नाव चढविल्याची प्रकरणे मी चौकशीसाठी हाताळली आहेत. परंतु धक्के मारून हाकलून दिले या कारणास्तव तलाठ्याचे नाव चढले, असे एकही प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. आठवड्याने त्याने पद सोडले. २००१ च्या मार्चमध्ये सबंध संस्थाच फेडरेशनने खरेदी केली आणि तिचे सारे पट्टे खरेदीखतासोबत पलीकडे गेले.

नातू आता नोकरीला आहे. गेल्या रविवारी तो घरी आला तेव्हा मी ती वही त्याच्यापुढे ठेवली, आर्केट यांच्या बारा दिवसांवर बोट ठेवले, आणि माझ्या तेरा दिवसांची हकीकत त्यास प्रथमच सविस्तर सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली, शेवटच्या पानावर एक कोरी ओळ शोधली, खिशातून पेन काढले आणि विचारले, ‘आजोबा, त्या तेरा दिवसांत पट्टा कोणाकडे होता?’ मी खरे ते सांगितले. वहीच्या नियमाप्रमाणे त्या तेरा दिवसांसाठी ‘घेणार’ या रकान्यात आमच्या पट्टेवाल्याचे नाव चढले आहे.